काकाच्या स्कर्टची कड

स्कर्ट तिसऱ्यांदा परत येणार हे मास्तरीणबाईंना सकाळीच कळलं. पोस्टातल्या बाईंनी कामाला जाता जाता जिन्यावरूनच सांगितलं होतं, "पाचला येते, लेकीला घेऊन. पुन्हा वाकडा आहे तो. मास्तरांना म्हणावं, चष्मा पुसून ठेवा."

एरवी हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण गेल्याच आठवड्यात मास्तरांनी कात्री टेबलावर आपटून सांगितलं होतं, "आता जर हा स्कर्ट वाकडा लोंबला, तर माझे डोळे गेले असं समजायचं. मशीनवर चादर टाकायची आणि घरी बसायचं." आणि हा माणूस बोलला म्हणजे बोलला. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी दोनच पण केले होते, एक तंबाखू सोडायचा आणि दुसरा मास्तरीणबाईंच्या भावाशी पत्ते न खेळण्याचा. दोन्ही पाळले. भाऊ अजून कुरकुरतो.

मास्तर म्हणजे शिंपी. तळमजल्यावरची एक खोली, खिडकीशी दोन मशीन, मधोमध कापडं बेतायचं लांब टेबल आणि कोपऱ्यात मास्तरीणबाईंचं स्टूल. काज, बटणं, हातशिलाई हे खातं त्यांचं. मास्तर चौथीपर्यंत शिकलेले. पण शिंप्यालाही मास्तर म्हणतात आणि शाळेतल्यालाही, यात त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष?

त्या एका शब्दापायीच तर ती पोरगी त्यांच्या आयुष्यात आली. वरच्या मजल्यावर पोस्टातल्या बाई राहायला आल्या तेव्हा त्यांची लेक सहा वर्षांची होती. दिवसभर लोक "मास्तर, मास्तर" करत येताहेत म्हटल्यावर तिला वाटलं, इथे सगळ्याची उत्तरं मिळतात. सरळ आत आली आणि टेबलाला हनुवटी टेकवून म्हणाली, "मास्तर, केस कापले तर दुखत नाही. मग ओढले की का दुखतात?"

दुसऱ्या कोणी हाकलून दिलं असतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या सदऱ्याकडे पाहिलं. सदऱ्यातून एक दोरा लोंबत होता. त्यांनी त्याचं टोक कात्रीने कापलं. "कापडाला कळलं का काही?" मग उरलेला दोरा ओढला, तशा कापडाला चुण्या पडल्या. "आता कळलं. तुझ्या केसांना जाणीव नाही बघ, ती मुळाशी आहे. डोक्यात."

पोरगी खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मांजर पडताना पायांवरच का पडतं? कुंडीतलं रोप खिडकीकडेच का वाकतं? उचकी का लागते? का, का आणि का! मास्तरांनी तिचं नावच काका ठेवलं. "काका आली!" असं ते ओरडले की गिऱ्हाईक अदबीने मागे वळून बघायचं, आणि दारात दोन वेण्या. वर ही काका मास्तरीणबाईंना काकू म्हणायची. ऐकणाऱ्याने काय समजायचं?

मास्तरांना येत नसेल ते ते सरळ "येत नाही" म्हणायचे. पण अंगाबद्दलचा प्रश्न आला की टेप गळ्यातून काढायचे. दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण आपली उंची भरते, हे काकाला त्यांनी दाखवलं. सकाळी आपण उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत थोडे बुटके होतो, हेही दाखवलं. दाराच्या चौकटीवर खडूने दोन रेघा मारल्या, त्यांत चांगलं अर्ध्या बोटाचं अंतर! काकाने ते अंतर इतक्यांदा मोजलं की खडू पुसला गेला.

आणि एकदा तर पोरीनेच दोघांना शिकवलं. पाण्यात भिजली की बोटं का सुरकुततात, हा तिचा प्रश्न. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगं, पाणी आत शिरतं, त्याने फुगतात." काकाने कोमट पाण्याचं पातेलं आणलं आणि तिघांचे हात त्यात बुडवून ठेवायला लावले. पाव तास गिऱ्हाइकांना नमस्कार करायला हात मोकळा नव्हता. हात बाहेर काढले, तर सगळी बोटं सुरकुतलेली. फक्त मास्तरांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक अगदी गुळगुळीत! फार वर्षांपूर्वी तिथे कात्री लागली होती, शीर तुटली होती, तेव्हापासून ते टोक बधिर होतं. काका बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली.

"काकू, पाणी तर या बोटालाही लागलं. मग हे का नाही सुरकुतलं? म्हणजे हे काम पाण्याचं नाही. आतल्या शिरेचं आहे!"

आठ वर्षांची होती तेव्हा. मास्तरीणबाईंनी अक्षरशः तोंडात बोट घातलं, तेही सुरकुतलेलं. आपल्या बोटाला वरून नुसतं पाणी लागतं आणि आतून कोणीतरी त्याला घड्या घालतं, हे त्यांना अजूनही भांडी घासताना आठवतं आणि कौतुक वाटतं, पोरीचंही आणि बोटाचंही.

तर अशी ही काका आता बाराची झाली होती आणि तिच्या शाळेच्या स्कर्टची कड डावीकडे खाली लोंबत होती. पहिल्यांदा परत आला तेव्हा मास्तरांनी कंबरपट्टी उसवून पुन्हा शिवली. दुसऱ्यांदा आला तेव्हा नवं कापड घेऊन नवाच स्कर्ट शिवला. पाच वेळा मापलं, डोळ्यांत तेल घालून टिपा मारल्या. तोच हा तिसऱ्यांदा येत होता. दुपारी सुईत दोरा ओवताना मास्तरांचा हात तीनदा चुकला आणि मास्तरीणबाईंनी न पाहिल्यासारखं केलं.

पाचला दोघी आल्या. काका स्कर्ट घालूनच आली होती. पोस्टातल्या बाईंनी तिला वळवून उभं केलं. "बघा तुम्हीच. शाळेत मुली हसतात हिला. मास्तर, वय झालं की होतं असं, त्यात लाज कसली? पण सांगायचं ना, मी दुसरीकडे टाकला असता."

मास्तर गुडघ्यांवर बसले आणि कडेकडे पाहू लागले. डावीकडे चांगली बोटभर खाली. त्यांनी खिशातून खडू काढला.

त्यांच्या मनात काय चाललंय ते मास्तरीणबाईंना लख्ख कळलं. डावीकडची कड वर घ्यायची, रेघ मारायची, दोन टिपा, की संपलं. बाई खूश, अब्रू शाबूत, मशीनवर चादर टाकायला नको. चांगला शिंपी तेच करतो, माणसाचं वाकडं कापडात सरळ करून देतो. कोणाचा एक खांदा पडलेला, कोणाची एक बाजू भरलेली, कोणाला पत्ताही लागत नाही.

तेवढ्यात काका म्हणाली, "थांबा ना मास्तर. आधी हा टेबलावर बघू."

आडोशाला जाऊन ती बरोबर आणलेला जुना स्कर्ट घालून आली आणि हा नवा तिने स्वतःच टेबलावर पसरला. लोखंडी पट्टी लावली, चहूबाजूंनी मापला. "काकू, तुम्ही पण बघा." मास्तरीणबाईंनी मापला. केसाचाही फरक नव्हता. डोळे गेलेल्या माणसाचं काम नव्हतं ते. त्यांना इतकं हायसं वाटलं की त्या हसून काहीतरी बोलणार होत्या.

"टेबलावर सरळ आहे आणि माझ्यावर वाकडा," काका म्हणाली. "मग वाकडं कोण?"

ती मास्तरांकडे वळली.

"मास्तर, तुम्हीच म्हणाला होतात, कोणीही दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. सूत, दोन सूत फरक सगळ्यांनाच असतो. माझा किती आहे?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मास्तरांनी खडू खाली ठेवला आणि मापांची वही उघडली. त्यांची सवय अशी की प्रत्येकाची डावी-उजवी मापं वेगळी लिहायची. मागच्या वर्षी काकाच्या दोन बाजूंत फरक होता एक सूत. सहा महिन्यांपूर्वी शाळेचा कोट शिवला तेव्हा तीन. त्यापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, "डाव्या खांद्यात बकरमची पट्टी जास्त." आणि आज त्यांनी टेप लावली तर सहा.

"सहा," ते म्हणाले. त्यांनी वही बाईंपुढे सरकवली. "बाई, मीच झाकलं हो. खांदा पडलेला दिसला म्हणून कोटात पट्टी घातली. दप्तराने होतं, म्हटलं. कोट अंगावर सरळ बसला, मग तुम्हाला दिसणार कसं? स्कर्टमध्ये पट्टी घालता येत नाही, म्हणून हे बाहेर आलं. माझे डोळे शाबूत आहेत. पोरीला डॉक्टरांकडे न्या."

पोस्टातल्या बाई लाल झाल्या. "म्हणजे शिवण तुमची चुकणार आणि वाकडी माझी मुलगी? काय बोलताय तुम्ही!"

"आई," काका म्हणाली, "भांडू नकोस. बघ ना."

मास्तरीणबाईंनी तिला पाठमोरी उभी केली आणि पायाचे अंगठे धरायला सांगितले. पोर वाकली. पातळ सदऱ्याखाली पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच वर आलेली दिसली. मास्तरीणबाईंनी बाईंचा हात धरून त्या उंचवट्यावर ठेवला. बाईंचा हात तिथेच राहिला. मग त्यांनी लेकीला जवळ घेतलं.

त्या दोघी गेल्यावर मास्तर खिडकीशी उभे राहिले. "अगं," ते म्हणाले, "माझे डोळेच गेले असते तर बरं झालं असतं गं." अडतीस वर्षांत मास्तरीणबाईंना या माणसाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. त्यांनी तसं सांगितलंही. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

दहा दिवसांनी काका धावत आली. धावत! "काकू, मास्तर, मी माझी पाठ आतून बघितली! फोटोत! पाठीचा कणा असा वळलाय, नदीसारखा." तिने हवेत बोट फिरवून दाखवलं. हाडांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, अजून उंची वाढतेय, तोवरच हे वाढतं. आत्ता सापडलं म्हणून पट्ट्याने धरून ठेवता येईल. वर्षभर उशीर झाला असता तर कदाचित ऑपरेशनच. पूर्ण सरळ होणार नाही, पण वाढू द्यायचं नाही.

"दप्तराने झालं का?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"नाही! मी तेच विचारलं. दप्तराने नाही, बसण्याने नाही. मग का, तर म्हणाल्या, बहुतेक मुलांमध्ये का होतं ते अजून कोणालाच माहीत नाही. मास्तर, कोणालाच!" तिचे डोळे चमकत होते. एवढ्या मोठ्या दवाखान्यातून पोरगी काय घेऊन आली, तर एक शिल्लक प्रश्न.

मग ती जरा थांबली. "त्यांनी विचारलं, एवढ्या लवकर कोणाच्या लक्षात आलं? मी म्हटलं, मास्तरांच्या. तर म्हणाल्या, वा, कोणत्या शाळेचे? मी म्हटलं, शाळेचे नाहीत. आमचे आहेत."

मास्तरांनी उगाचच मशीनला तेल घालायला घेतलं.

पट्टा आला. प्लास्टिकचा, काखेपासून कमरेपर्यंत, दिवसातले पुष्कळ तास घालायचा. पहिले काही दिवस काका रडलीसुद्धा, उगाच खोटं कशाला सांगा. मास्तरांनी आतून घालायला मऊ सुती बनियनं शिवून दिली, एकही शिवण अंगाला टोचणार नाही अशी. मास्तरांनी विचारलं, "वरचा सदरा जरा सैल बेततो. पट्टा दिसणार नाही." काका म्हणाली, "दिसू दे. मुली विचारतील ना, का म्हणून. मग मी सांगेन."

तीन महिन्यांनी माप घ्यायचं ठरलं होतं. डॉक्टरबाई त्यांचं त्यांचं मापणारच होत्या, पण काकाला ते आधी मास्तरांकडून हवं होतं. पट्टा काढून ती टेबलापाशी ताठ उभी राहिली. पोस्टातल्या बाई दारातच थांबल्या, आत यायचा धीर होईना. मास्तर गुडघ्यांवर बसले. डावीकडून टेप सोडली, उजवीकडून सोडली. मग पुन्हा डावीकडून. मास्तरीणबाईंनी हातातली सुई कापडात टोचून ठेवली.

"सहा," मास्तर म्हणाले. "सहाच. वाढलं नाही."

"का?" काकाने विचारलं.

मास्तरांनी वर तिच्याकडे पाहिलं. चष्म्याआड सगळं भरून आलं. टेप हातात तशीच धरून ते जमिनीवर बसून राहिले. पोस्टातल्या बाई आत आल्या, त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि स्वतःचा रुमाल पुढे केला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "चष्मा पुसा."