बरणीतली माती

कृष्णाबाईंचे घर वादळाने नेले, त्यानंतरची चार वर्षे त्या दिराच्या गोठ्यात एका म्हशीशेजारी राहिल्या. म्हशीची तक्रार नव्हती. मग मुंबईच्या एका संस्थेने किहीमजवळच्या त्यांच्या तीन गुंठ्यांवर पेंढ्याचे घर बांधून द्यायचे ठरवले आणि त्यासाठी इरा नावाची वास्तुशिल्पी पाठवली. इराने परदेशात दोन वर्षे अशा भिंतींचा अभ्यास केला होता, आणि मन लावून केला होता. हे आधीच सांगितलेले बरे. अडाण्याच्या चुकीतून शिकण्यासारखे काही नसते.

पेंढ्याचे गठ्ठे विटांसारखे सांधे मोडून रचले गेले. बांबूच्या टोकदार खुंट्या ठोकून एक थर दुसऱ्यात शिवला. शेवटच्या थरावर लाकडी चौकट ठेवून ती जोत्यात पुरलेल्या कड्यांशी पट्ट्यांनी आवळली, तेव्हा भिंत चार बोटे खाली बसली. कृष्णाबाईंचा दीर गुणाजी याने खांदा लावून ती ढकलून पाहिली.

"ही न्हाय जात," तो म्हणाला. "देऊळ जाईल, ही न्हाय जात."

लिंपणासाठी इराने खाडीलगतच्या खाजणाकाठची माती निवडली. चिकणमाती किती ते थरांवरून मोजायला काचेच्या बरणीत माती आणि पाणी घेऊन, पद्धतीप्रमाणे चिमूटभर मीठ टाकून तिने ती ढवळली.

"मीठ कशाला टाकता, ताई?" गुणाजीने विचारले. "त्यात हाय की."

पेणकडच्या मिठागरावर त्याचे तीस उन्हाळे गेले होते. त्याने ढेकूळ उचलून जिभेला लावले आणि बाजूला थुंकला. "खारी. पावसात घाम सुटेल हिला. डोंगराकडची तांबडी आणा."

"काका, हिच्यात चिकणमाती अठ्ठावीस टक्के आहे. याहून चांगली मिळणार नाही."

"टक्के मला न्हाय कळत. तुम्ही जीभ लावा."

"माती चाखून घरं बांधत नाहीत, काका."

"मग काय चाखून बांधतात?"

कृष्णाबाई हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. फुकट घर मिळणाऱ्याने किती हसावे, याचा त्यांना अंदाज होता.

खाजणाची माती लागली, तिच्यावर चुन्याचा हात फिरला, छायाचित्रे निघाली. ज्येष्ठात कृष्णाबाई राहायला आल्या.

आषाढात भिंती ओलावल्या. पागोळ्या दूर पडत होत्या, पश्चिमेला विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधलेले होते. पावसाचा थेंबही भिंतीला शिवला नव्हता. मातीतले मीठच हवेतला ओलावा ओढून घेत होते. कृष्णाबाई रोज सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्याने भिंत पुसत आणि कोणाला सांगत नसत. धर्माच्या गायीचे दात पाहू नयेत, हे त्यांना पाठ होते. चुन्याचे पोपडे उशीवर पडू लागले, तेव्हा गुणाजीने इराला फोन केला.

इराने भिंतीत ओलमापकाच्या सुया खुपसून ओल मोजली. चोवीस टक्के. विसाच्या वर पेंढा कुजतो. तिने संस्थेच्या कचेरीला कळवले. कचेरीने सांगितले की दिवाळीपर्यंत कशाला हात लावू नये, आणि अहवालात 'रहिवाशांकडून देखभालीचा अभाव' असे नमूद करावे. रोज पुसल्या जाणाऱ्या भिंतीबद्दल हे वाक्य लिहायला बरीच उच्च पदवी लागते.

"दिवाळीपर्यंत काय राहील?" कृष्णाबाईंनी विचारले.



"खत," गुणाजी म्हणाला. "भाताला चांगलं, वहिनी."

कृष्णाबाईंनी खुरपे आणले आणि लिंपण खरवडायला सुरुवात केली.

"मावशी, थांबा. घर अजून संस्थेच्या नावावर आहे."

"भिंत संस्थेची," कृष्णाबाई म्हणाल्या. "अंथरूण माझं."

लिंपणाचा मोठा तुकडा निघाला. त्यामागे पेंढा बोटभर काळा पडला होता. त्याच्या आत मात्र तो कापणीच्या दिवसासारखा पिवळा होता. कृष्णाबाईंनी आत हात घालून बराच वेळ तसाच ठेवला. इराने खाली पडलेला तुकडा उचलला. दोघांकडे पाठ करून तो जिभेला लावला.

"किती टक्के?" गुणाजीने विचारले.

तिने दुसरे खुरपे मागितले.

कृष्णाबाई पुन्हा म्हशीशेजारी गेल्या. काळा पेंढा खरवडून काढला, मोकळ्या भिंतींना उघडीप मिळेल तशी हवा दिली, सुयांवरचा आकडा चौदावर आला तेव्हा डोंगराकडून टेम्पोभर तांबडी माती आणली. टेम्पो रिकामा करण्याआधी इराने तिघांसमोर ती चाखली. तिसरा टेम्पोवाला होता, त्याने तोंड फिरवले. माती तपासण्याच्या तक्त्यात तिने हाताने एक रकाना आखला: 'चव'. छापताना संस्थेने तो गाळला. देखभालीच्या अभावाचे वाक्य राहिले, आणि पुढची पाच घरे खाजणाकाठच्याच, अठ्ठावीस टक्क्यांच्या मातीची मंजूर झाली.

भाद्रपदात कृष्णाबाईंनी अंथरूण पश्चिमेच्या, तांबड्या मातीने लिंपलेल्या भिंतीला लावले. सकाळी उठून सवयीने फडके फिरवले, उजेडाकडे धरून पाहिले, आणि तसेच कोरडे चुलीवरचे भांडे उतरवायला वापरले.