उजवीकडचा खळगा

बकुळाने वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू अनंताच्या पाटावर ठेवली आणि सुतळी सोडली. आत सायकलची जुनी सीट होती. खाली दोन जाड स्प्रिंगा, वर गंजलेला सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कातडं. ते इतकं वाळलं होतं की टिचकी मारली तर लाकडासारखं वाजत होतं. सीटच्या पुढच्या निमुळत्या नाकाशी ते उभं चिरलेलं होतं. कोन गावच्या रस्त्यावर भंगारवाल्याच्या ढिगात ती तिला दिसली, तेव्हा तिने सायकलवरून उतरून दोन्ही हातांनी ती उपसून काढली होती.

अनंताने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. भिवंडीतल्या लूमच्या गल्लीत, दोन कारखान्यांच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत तो तीस वर्षं कातड्याचं काम करीत होता. मागावरच्या धोट्याला ठोसा देणारे कातडी ठोकळे, म्हणजे पिकर, ते ओढणारे पट्टे, असली कामं. आता प्लास्टिकचे पिकर आले होते, पण अनंताचा पट्टा वर्षभर बघावा लागत नाही, असं म्हणणारे जुने मालक अजून त्याच्याकडेच येत. दोन्ही भिंतींपलीकडून लूमचा खडखडाट चालू असायचा. त्यामुळे अनंता बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते तोंड जवळ आणून.

"कातडं मेलंय," तो म्हणाला. "सांगाडा जिता हाय."

नवं कातडं चढवता येईल का, असं तिने विचारलं. येईल, पण बाजारात मऊ फोमच्या सीटा मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं त्याने उलट विचारलं. फोमच्या तीन सीटा आपण दोन वर्षांत बसून सपाट केल्या, असं बकुळाने सांगितलं. मग त्याने पुढे सरकवलेल्या स्टुलावर ती बसली आणि बाकीचंही तिने सांगितलं.

पडघ्याच्या पलीकडे एका उपकेंद्रात ती नर्स होती. पाच पाडे तिच्याकडे. लशीचा डबा मागे बांधून ती रोज पंधरा-सोळा किलोमीटर सायकल चालवायची. बांधावरून जायची, ओहोळ आला की सायकल खांद्यावर घ्यायची. नवऱ्याने, पंढरीनाथने, स्कूटर घेऊ म्हणून खूप सांगून पाहिलं. पण स्कूटर बांधावरून जात नाही आणि खांद्यावर तर मुळीच येत नाही. दोन वर्षांपासून मात्र कंबर धरायची. माकडहाडापासून निघालेली कळ मांडीत उतरायची. डॉक्टरने सायकल सोडायला सांगितलं. वरच्या कार्यालयाने तिला पडघ्यात टेबलाचं काम देऊ केलं होतं, आणि संक्रांतीच्या आत हो की नाही ते लिहून द्यायचं होतं. तिच्या आधी उपकेंद्रातली नर्सची जागा तीन वर्षं रिकामी होती.

"टेबल चांगलंच आहे," ती म्हणाली. "पण पाड्यांवर कोण जाणार, ते कुणी सांगत नाही."

 अनंताने सीट उचलून खुंटीला अडकवली आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं.

पण ती चौथ्या दिवशीच गेली, कारण भिवंडीत मीटिंग होती. तिला त्याचं काम बघायला मिळालं. त्याने कातड्याचे सात-आठ तुकडे काढले होते. एकेक दुमडून तो कानाशी नेत होता आणि तंतू कसे आवाज करतात ते ऐकत होता. एवढ्या खडखडाटात त्याला काय ऐकू येत होतं, देव जाणे. पण सहावा तुकडा त्याने बाजूला ठेवला. जनावराच्या पाठीचं कातडं, कणखर. रात्रभर कोमट पाण्यात ठेवून ते त्याने सांगाड्यावर ओढलं, दोरीने आवळलं आणि शिंगाच्या तुकड्याने घासायला बसला. कडेकडेने, पुन्हा मधोमध, पुन्हा कडेला. तास उलटला तरी हाताची चाल ना वाढली ना मंदावली. बकुळाने हजारो इंजेक्शनं दिली होती. हात स्थिर असणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. ती मीटिंगला उशिरा पोचली.

सीट तयार झाली तेव्हा तांब्याचे रिव्हेट चमकत होते आणि कातड्याला गुळासारखा रंग आला होता. अनंताने ती स्वतः सायकलवर बसवली, नाकाखालचा बोल्ट आवळला आणि बजावलं.

"दोन म्हयने ही तुमाला रडवील. तेल पाजू नका, भिजू देऊ नका. रोज बसा, येवढंच."

त्याचा शब्द खरा ठरला. पहिल्या आठवड्यात बकुळाला वाटलं, आपण उंबरठ्यावर बसून गावोगाव फिरतो आहोत. चढ आला की ती पॅडलवर उभी राही, आणि चढ नसला तरी उभी राही. घरी ती पालथी झोपायची आणि उकडतं म्हणून अशी झोपते, असं सांगायची; कार्तिक चालू होता. पंढरीनाथने माळ्यावरची फोमची सीट काढून पुसून दाराशी ठेवली. तिने ती परत माळ्यावर टाकली. रात्री दव पडतं म्हणून ती प्लास्टिकची पिशवी घालून सीट झाकायची, सकाळी कोरड्या फडक्याने पुसायची. महिना झाला तरी कातडं हटत नव्हतं. मग त्याच्या कडा काळपट झाल्या, मधल्या भागावर तुकतुकी आली आणि बसताना ते बारीक करकरू लागलं. सातव्या आठवड्यात, तिसऱ्या पाड्यावरून चौथ्यावर जाताना, बकुळाच्या लक्षात आलं की सकाळपासून आपल्याला सीटची आठवणच झालेली नाही. ती बांधावर थांबली. उतरून तिने कातड्यावर हात ठेवला. ते कोमट होतं.

मांडीतली कळ गेली होती. कंबर मात्र अजून धरायची, पहिल्याइतकी नाही, पण धरायचीच. तरीही ती आनंदात अनंताकडे गेली. जे झालं होतं तेच सांगण्यासारखं होतं.

तिचं बोलणं त्याने अर्धवटच ऐकलं असावं. त्याने सायकल दारातल्या उजेडात तिरपी धरली, गुडघ्यावर बसला आणि डोळे मिटून सीटवरून तळवा फिरवला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग त्याने तिचा हात धरून तिथे ठेवला. डावीकडे कातडं जरासं दबलेलं होतं. उजवीकडे ओंजळीसारखा खळगा होता.

"सिस्टर, तुमचा उजवा पाय आखूड हाय."

बकुळाला हसू आलं. आपण अठरा वर्षं नर्स आहोत, हे तिने त्याला सांगितलं. सांगता सांगताच तिचं हसू ओसरलं. शाळेत पोरी तिच्यामागून डुलत चालायच्या. नीट चाल, ढिली चालू नको, म्हणून आई पाठीत धपाटा घालायची. बघायला आलेल्या पहिल्या माणसांनी तिला दोनदा पाणी आणायला लावलं होतं, आणि नंतर निरोपच पाठवला नव्हता. आपल्या अंगात आळस आहे, असंच ती चाळीस वर्षं धरून चालली होती.

अनंताने आतून बायकोला, चंद्राला, बोलावलं. पडद्यामागे चटई अंथरून बकुळा आडवी झाली आणि पिशवीतली बाळं मोजायची टेप तिने चंद्राच्या हातात दिली. कमरेच्या हाडापासून घोट्याच्या हाडापर्यंत कशी धरायची ते सांगितलं. चंद्राने आकडे वाचले. बकुळाने तिला पुन्हा मोजायला लावलं, मग तिसऱ्यांदा. उजवा पाय एक सेंटिमीटर आणि वर दोन रेघा कमी होता. त्याच टेपने तिने शेकडो पोरं मोजली होती.

ती बाहेर आली तेव्हा अनंताने तिची उजवी चप्पल हातात घेतलेली होती. त्याने कातड्याचे तीन थर कापले, एकावर एक चिकटवले, पुढच्या बाजूला तासत आणले आणि चपलेला शिवले. ती घालून बकुळा दारापर्यंत गेली आणि परत आली. तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता, टाचांकडे बघत होता.

"कंबर आता सुटंल," तो म्हणाला. "पन सीट पैल्यापासून शिकंल. आनखी म्हयनाभर तरास."

चालेल, असं ती म्हणाली. टेबल नको, असं तिने संक्रांतीच्या आधी चार दिवस कार्यालयात लिहून दिलं. कारणाच्या रकान्यात तिने काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती थर शिवलेली चप्पल घालून पहिल्यांदाच शेवटच्या पाड्यावर काशीचं ब्लडप्रेशर बघायला गेली. काशीचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते आणि ऑपरेशनला ती कुणाचंच ऐकत नव्हती. बकुळा सायकल बांधाशी लावून अंगणातून चालत यायची, आणि ती दाराशी पोचायच्या आधीच आतून हाक यायची, ये सिस्टर, म्हणून. आज हाक आली नाही. काशी ओटीवर ताठ बसली होती. तिचा हात काठी चाचपत होता.

"कोन हाय?"

बकुळा अंगणात मधेच थांबली.

"मीच गं काशीमाय. बकुळा सिस्टर."

म्हातारीने मान तिरपी करून आवाज ऐकला. तो ओळखीचा होता. पण काठी तिने सोडली नाही.

"मंग बांधापातुर मागं जा," ती म्हणाली, "आन् परत चालत ये. मला ऐकू दे."

बकुळाने पिशवी ओटीवर ठेवली. ती बांधापर्यंत मागे गेली, वळली, आणि सावकाश, एकेक पाऊल पुरं टेकवत, अंगणातून चालत आली.