लाल लोकर, हिरवी लोकर

सासूबाई जाताना मला दोनच गोष्टी सांगून गेल्या. एक, बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चहा फार गरम द्यायचा नाही, ते घाईने पितात आणि तोंड भाजून घेतात. दुसरी, मागच्या वाफ्यातली लाल लोकरवाली रोपं जिवापाड जपायची, हिरवी लोकरवाली कुणाला द्यायची तर खुशाल द्यायची. पहिली गोष्ट मला तेव्हाच कळली. दुसरीने मात्र या वसंतात माझ्या डोक्याचा पार भुगा केला.

तो वाफा म्हणजे आमच्या घराची मागची भिंत आणि अक्रोडाचं झाड यांच्यामधली जागा. तिथे ऊन कधी येतच नाही. दुसऱ्या कुणी तिथे मोडक्या खुर्च्या टाकल्या असत्या. सासूबाईंनी नेचे लावले, ताटाएवढ्या पानांचे होस्टा लावले, बारीक निळ्या फुलांचा ब्रुनेरा लावला. आणि सगळ्यांत लाडकी हेलेबोरची रोपं. थंडी सरता सरता, बाकी वाफा अजून अंथरुणात असताना, हेलेबोर फुलतं. पण फूल मान खाली घालून असतं. ते बघायचं तर उकिडवं बसून, बोटाने त्याची हनुवटी वर करावी लागते. सासूबाई दर वर्षी बाबांना हाताला धरून तिथे न्यायच्या, एकेका फुलाची हनुवटी वर करायच्या आणि विचारायच्या, "दिसतंय का?" बाबा म्हणायचे, "हो, छान आहे." मग दोघं आत यायचे. बाबांचा जीव खरा तर त्या निळ्या ब्रुनेरावर. खुर्ची टाकायचे ती त्याच्याजवळच.

मी रंगाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक भिंतीचा टवका किंवा उशीचा अभ्रा घेऊन येतं आणि मी त्याला तंतोतंत तसा रंग बनवून देते. त्यामुळे रंगांच्या बाबतीत माझं नाक जरा वर असतं, हे मी लपवत नाही. आमच्या वाफ्यातली हेलेबोर मला कधी फारशी आवडली नव्हती. काळपट जांभळी, गढूळ लाल, नाहीतर शेवाळी. पांढरी आणली ती तिथल्या ओलीने टिकली नाहीत.

आजारी पडायच्या आधी सासूबाईंनी माझ्याकडून दुकानातला मऊ कुंचला मागून घेतला. रोज फिरायला जायच्या त्या सार्वजनिक बागेत एक पिवळं हेलेबोर होतं. त्याचा पराग कुंचल्यावर घेऊन, कुंचला चष्म्याच्या डबीत घालून त्या घरी आल्या आणि आमच्या एका ठिपकेवाल्या फुलावर तो फिरवला. चोरीच ती, पण चेहऱ्यावर असा भाव की औषध आणायला गेल्या होत्या. त्या बियांची रोपं एका ट्रेमध्ये वाढली. दुसऱ्या ट्रेमध्ये वाफ्यात आपोआप उगवलेली, कुठल्या आईबापांची कुणास ठाऊक, अशी रोपं होती. ट्रेमधून वाफ्यात हलवायची वेळ आली तेव्हा त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. त्या खिडकीतून सांगत होत्या, बाबा खाली बसून लावत होते. प्रत्येक रोपाशेजारी एक काडी, काडीला लोकर. कुंचल्याच्या रोपांना लाल, आपोआप आलेल्यांना हिरवी. बाबांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे प्रत्येक काडीला लोकरीचे वेढे अगदी एकसारखे.

हेलेबोरचं रोप फुलायला तीनेक वर्षं घेतं. सासूबाईंना तेवढा वेळ मिळाला नाही.

गेल्या पानगळीत वाफ्यात दाटी झाली म्हणून मी हिरव्या लोकरीची सगळी रोपं उपटून कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकूंना दिली. "फालतू आहेत," मी म्हणाले, "जगली तर जगली." लाल लोकरवाल्यांना मात्र कुजलेल्या पानांचं खत घातलं, जुनी पानं कापून कळ्यांना जागा करून दिली आणि वाट बघत बसले.

या वसंतात ती फुलली. मी ओल्या मातीत गुडघे टेकून पहिल्या फुलाची हनुवटी वर केली. मळका गुलाबी. दुसरं, तेच. तिसऱ्यात तर गुलाबीही धड नाही, पायपुसण्याचा रंग. मी शेवटपर्यंत गेले आणि तिथेच बसून राहिले. यासाठी त्या बाईने चोरी केली? यासाठी मला मरताना बजावून सांगितलं? मला खरंच काही कळेना. आधी राग आला, मग रागाची लाज वाटली, मग पुन्हा राग आला.

"आईची नजर शेवटी शेवटी कमी झाली होती," नवरा म्हणाला. "तिला हेच सुंदर वाटत असेल."

"फुलली कुठे होती तेव्हा? त्यांनी बघितलीच नाहीत ही फुलं."

"मग प्रयोग फसला. फसतात प्रयोग." त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल लावून मोकळं व्हायची सवय आहे.

मी बाबांना वाफ्यात नेलं. हनुवटी वर केली.

"बाबा, कसा वाटतो रंग?"

"छान आहे."

"छान हा रंग नसतो, बाबा. दुकानात कुणी मला छान रंगाचा डबा मागितला तर मी काय देऊ?"

ते हसले आणि ब्रुनेराकडे बघू लागले. मला वाटलं, दुःख आहे, बोलायचं नसेल. पण मनातून ते जाईना. सासूबाई साध्या पिशवीत भाजी भरतानाही विचार करणाऱ्या. त्या अशी चूक करतील? का चूक माझीच? मी रोपांची मुळं दुखावली? खत जास्त झालं? खताने फुलाचा रंग पायपुसण्यासारखा होतो का? दुकानात उभी राहून मी हाच विचार करत होते आणि एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्याचा रंग चुकवला. असं माझ्या हातून कधी होत नाही.

त्या रविवारी मी कुंपणावरचा वेल बांधत होते. बाबा पायरीवर बसले होते, शेजारी सासूबाईंची विणकामाची टोपली.

"बाबा, हिरवी लोकर द्या जरा. पानांत दिसणार नाही अशी."

त्यांनी लाल गुंडा दिला.

"हिरवी, बाबा."

त्यांनी टोपलीत हात घातला, दोन्ही गुंडे बाहेर काढले, क्षणभर थांबले आणि पुन्हा तोच लाल माझ्यापुढे धरला.   मी आत जाऊन पर्समधून दुकानातली रंगांची पट्टी आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"यातला लाल दाखवता?"

ते पट्टीकडे बघतच राहिले. मग ती मिटून त्यांनी मला परत दिली.

"तुझ्या सासूला माहीत होतं," ते म्हणाले. "बाकी कुणाला नाही. निळा, पिवळा कळतो. लाल आणि हिरवा मला सारखाच. घड्याळात कुठे लागतात ते रंग? ती लोकर देताना लाल माझ्या उजव्या हाताला ठेवायची, हिरवी डाव्या. रोपं लावली त्या दिवशी ती खिडकीत होती आणि गुंडे मीच घेतले."

"मग विचारायचं ना बाबा, खिडकीतून."

"शेजारची माणसं बाहेर होती," ते म्हणाले. "आणि मला वाटलं, बरोबरच घेतलेत."

मी त्यांच्यावर ओरडणार होते. पण ज्या माणसाने इतकी वर्षं हे झाकून ठेवलं आणि आज माझ्यापुढे उघडं केलं, त्याच्यावर ओरडणार तरी काय? मी हातातला वेल तसाच सोडला आणि चपला घातल्या.

बेकरीवाल्या काकू पिठाच्या हाताने बाहेर आल्या.

"ती रोपं? अहो, तुम्हीच फालतू म्हणालात. मी पिठाच्या रिकाम्या डब्यांत लावली, गल्लीत भट्टीच्या भिंतीला. वाळली बिचारी. टाकून दिली."

"सगळी?"

माझा चेहरा बघून त्यांनी हात पुसले. "एक आहे बहुतेक. नळाखाली सरकवलं होतं."

भट्टीमागची गल्ली अंधारी होती. गळणाऱ्या नळाखाली गंजलेला डबा आणि त्यात एक हेलेबोर. एकच फूल, मान खाली. मी बसले आणि बोट लावलं. लोण्यासारखा स्वच्छ पिवळा, आणि आत काळसर निळ्या ठिपक्यांची दाट नक्षी. माझ्या दुकानातल्या कुठल्याही डब्यात तो रंग नाही. तो बघताना मला कळलं की सासूबाई सुंदर फुलाच्या मागे नव्हत्याच. त्यांना बाबांना दिसेल असं फूल हवं होतं. दर वर्षी त्या "दिसतंय का?" विचारायच्या, बाबा "हो" म्हणायचे, आणि त्यांना माहीत असायचं की बाबा खोटं बोलताहेत.

डबा उचलून मी घरी आणला. काकूंनी वर पावाची पिशवीही दिली. मला ती नको होती, पण नाही म्हणायचं सुचलं नाही.

बाबा अजून पायरीवरच होते. मी डबा त्यांच्या पायाशी ठेवला. ते वाकले. घड्याळाचं दातेरी चाक उचलावं तसं त्यांनी दोन बोटांत फूल धरलं आणि वर केलं. बराच वेळ ते त्यात बघत होते. ठिपक्यांवरून त्यांचं बोट फिरत होतं.

"दिसतंय का?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"दिसतंय," ते म्हणाले. "अगं, सगळं दिसतंय."

मग त्यांनी मागे वळून खिडकीकडे बघितलं. पडदा अर्धा लावलेला होता. त्यांच्या बोटांतून फूल सुटलं आणि पुन्हा मान खाली घालून बसलं.

"आज खरं सांगतोय," ते म्हणाले, "तर आता कुणाला सांगू?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.  मग त्यांनीच पुन्हा हात पुढे केला आणि फुलाची हनुवटी वर केली.