सायकलची घंटा

हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी पोचवणाऱ्या गाडीवर मामा अकरा वर्षं ड्रायव्हर होते. बायको गेली, मग लेकही दूरच्या शहरात नोकरीला गेली. तेव्हापासून रोज दुपारी एकला मामांच्या कानावर हेडफोन चढायचा. तिची जेवणाची सुट्टी, यांची दुसरी फेरी. "जेवलीस का?" "जेवतेय, बाबा." झालं, बोलणं संपलं. पुढचा अर्धा तास फोन नुसता चालू. तिचा चमचा वाजायचा, तिच्या खिडकीखाली सायकली किणकिणायच्या. तेवढ्यावर मामांना घरात कुणीतरी असल्यासारखं वाटायचं.

चौकातल्या पोलिसाने एकदा अडवलं होतं. "कानावर हे लावून गाडी चालवता? गुन्हा आहे. पुन्हा दिसलात तर लायसन्स जाईल."

"मी बोलत कुठे होतो साहेब? नुसता ऐकत होतो."

"तेच तर म्हणतोय मी!"

याच्यावर एकट्याने जेवायची पाळी आली नसावी, असं मामांना वाटलं. त्यांनी रस्ता बदलला, सवय नाही. पोरगी तिकडे एकटी. तिला कसं तोडायचं?

मंगळवारी डावीकडे वळताना घंटा वाजली. लेकीकडचीच, असं समजून मामांनी स्टिअरिंग फिरवलं. घंटा पुन्हा वाजली, मग गाडीच्या पत्र्यावर धाडकन हात आपटला. मामांनी करकचून ब्रेक दाबला. सायकलवरची मुलगी फुटपाथला टेकली होती, पांढरीफटक. लेकीच्याच वयाची.

"कधीची घंटा वाजवतेय! बहिरे आहात का?"

मामांनी हात जोडले. ती निघून गेल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

"बाबा? काय झालं?" कानात लेक विचारत होती.

"काही नाही गं. उद्यापासून गाडीत फोन बंद. कायदाच आहे तसा." ती हिरमुसेल, हट्ट करेल, म्हणून त्यांनी समजुतीचे शब्दही जुळवून ठेवले होते.

"बरं झालं, बाबा," ती सुटल्यासारखी म्हणाली. "इथे सगळे एकत्र जेवतात. मीच आपली फोन घेऊन खिडकीशी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"मला कसलं वाईट वाटतंय!" मामा हसले. बरंच मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी एक वाजला. हेडफोन खणात होता. मागे चादरींच्या ट्रॉल्या खडखडत होत्या.

"जेवलीस का?" मामांनी शेजारच्या रिकाम्या सीटला विचारलं.

तेवढ्यात घंटा वाजली. मामांनी गाडी थांबवून सायकलला पुढे जाऊ दिलं, आणि ती दिसेनाशी झाली तरी तिथेच थांबले. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा सपाटा लावला. आता त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.