काळजावरचा वण

"आवं, बसा की जरा एका जागी!" मी मालकांवर खेकसले. पन मी तरी कुठं बसले हुते? सांगलीच्या दवाखान्यात सकाळधरनं दोघंबी नुसत्या येरझाऱ्या घालत हुतो.

मालकांचं काळीज दमलं, म्हनून दोन वर्सांमागं पुण्यात त्येला पंप बसवला. रगत ढकलायचं काम आता त्योच करतोय. पोटातनं वायर भाईर, खांद्याच्या पिशवीत बॅटऱ्या, रोजचं चार्जिंग. मेंढरांमागं रानात चार्जिंग कुठलं? माजा दीर बिरदेव कळप घिऊन मलकापूरच्या रानात थांबलाय, थोरल्या भावाची वाट बघत. काळीज सुधारलं तर पंप निघनार हुता आन् मालक कळपात जानार हुते. आठ दिसांमागं मानंतनं तार घालून काळजाचा कणभर तुकडा काढला हुता. आज त्येचा निकाल.

डॉक्टर भार्गवी मॅडमनी आत बोलावलं. "जोतीराम, हृदयाची सूज उतरलीय. पण आतला वण वाढलाय. वणाच्या मांसाला जोर नसतो. पंप आत्ता काढता येणार नाही."

"आराम दिला की वण जातो न्हवं?" मी इचारलं.

"कुणाचा थोडा कमी होतो, कुणाचा वाढतोही. पंप भार उचलतो, वण पुसत नाही. म्हणून तर गोळ्या दिल्यात. घेताय ना?"

"मी रोज हातावर ठेवते की!"

मालक खाली बघाय लागले. "रगत पातळ करायची तेवढी घेतो. ती चुकली की तपासणीत घावतं. बाकीच्या टाकल्या. मेंढीचा पाय मोडला की कामट्या बांधायच्या, बसवून ठेवायची. हाड आपसूक सांधतं. गोळी कोन देतंय तिला?"

माज्या अंगाची लाही लाही झाली. "काळीज म्हंजी काय तंगडी हाय व्हय? अति शहाना त्येचा बैल रिकामा! दोन वर्सं मला येड्यात काढलं!"

"बनाबाई, शांत व्हा," मॅडम म्हनल्या.

"घेतल्या असत्या तर वण गेला असता?" मालकांनी हळूच इचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित नसताही गेला. आता सुरू करा, वर्षानं बघू."

भाईर येऊन मालकांना बाकड्यावर बसवलं. आजारी मेंढीला औषद पाजतात तसा अंगठा गालात घातला, तोंड उघडलं, गोळी जिभंच्या मुळाशी ठेवली आन् पानी वतलं. बाया टकामका बघत हुत्या. बघंनात!

"जीभ वर करा."

केली. लय राग आलावता मला, पन रडू फुटंल म्हनून मी भिंतीकडं तोंड केलं.

मालकांनी फोन लावला. "बिरू, थांबू नको रं. कळप फुडं काढ. मी न्हाई येत." फोन माज्या हातात दिला आन् म्हनले, "दुसरी गोळी कवा हाय?"