कोमलसाठी कागद

हितेश घरतला कागदाचं वेड होतं आणि ते त्याच्या घरात कुणालाच कळत नव्हतं. शाईच्या पेनांचं वेड एक वेळ समजतं. पेन खिशाला लावता येतं, चारचौघांत दाखवता येतं. पण हा माणूस कोरा कागद उजेडाकडे धरून बघायचा, दोन बोटांत हलवून त्याचा आवाज ऐकायचा आणि त्यावर एक ओळ लिहून लगेच पान उलटायचा, मागे काय उमटलंय ते बघायला. साध्या वहीच्या कागदावर शाईच्या पेनानं लिहिलं की शाई फुटते, अक्षरांना केसाळ पाय येतात, मागची बाजू वाया जाते. जाड कागद घेतला तर हे टळतं, पण जाड कागद त्याला आवडायचा नाही. "लग्नपत्रिकेवर लिहिल्यासारखं वाटतं," तो म्हणायचा. त्याला हवा असायचा कांद्याच्या सालीसारखा पातळ, गुळगुळीत कागद. त्यावर शाई आत न शिरता वर बसून राहते, सावकाश वाळते आणि वाळल्यावर एकाच अक्षरात फिका आणि गडद असे दोन्ही निळे दिसतात. असा कागद सहज मिळत नाही. त्यानं कुणाकुणाला सांगून बाहेरून मागवलेली एक चळत कपाटात कपड्यांच्या खाली जपून ठेवलेली होती.

नोकरी मात्र त्याची सगळी स्क्रीनवरची. उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात आयातीची कागदपत्रं बघायची, म्हणायला कागदपत्रं, हाताला कागद लागतच नसे. घर करंजाड्यात, पाचव्या मजल्यावर. आई-बाबा, धाकटा भाऊ दीपेश आणि भामाआजी. आजीनं हयात गावच्या घरात काढलेली, ते घर विमानतळाच्या जागेत गेलेलं, त्यामुळे फ्लॅटमध्ये ती अजूनही पाहुणीसारखी दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि तिथून सगळ्यांवर नजर ठेवायची.

हितेशचं लग्न ठरलं ते खारघरच्या कोमल म्हात्रेशी. ती एका शाळेत गणित शिकवायची. साखरपुड्याच्या दिवशी दोघांना गच्चीवर बोलायला म्हणून पाठवलं, तेव्हा तिनं त्याच्या खिशाचं पेन पाहिलं आणि म्हणाली, "हे लिहितं का खरंच, की नुसतं शोभेला?"

"लिहितं की."

"मग मला पत्र लिही. फोनवर काय, सगळेच बोलतात."

हितेशला इतका आनंद झाला की पुढचं काही त्याला नीट ऐकूच आलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं एक नवं पेन, शाईची बाटली आणि कपाटातल्या चळतीतले निम्मे कागद असं पार्सल करून खारघरला पाठवलं. सोबत स्वतःचं पहिलं पत्र. त्या पत्रात कागद कसा निवडला, तो इतका पातळ असून शाई मागे का जात नाही, हेच मुख्यतः होतं.

कोमलचं उत्तर आलं. चार ओळी. अक्षर मोठं, ताठ, पहिलीतल्या पोरानं पाटीवर काढावं तसं. 'पत्र मिळाले. कागद छान आहे. घरी सर्व ठीक. तुझी कोमल.' हितेशनं ते तीन-चारदा वाचलं. गच्चीवर घडाघडा बोलणारी मुलगी ती हीच का, असं त्याला वाटलं. त्यानं पुन्हा लांबलचक पत्र लिहिलं. पुन्हा चार ओळी आल्या, या वेळी 'घरी सर्व ठीक'च्या जागी 'शाळेत परीक्षा चालू' होतं.

दीपेशनं पत्र हातातून ओढून वाचलं. "दादा, हिला तुझ्यात इंटरेस्ट नाय. आईनं समोर बसवून लिहून घेतल्यासारखं वाटतं हे."

"गप रे," हितेश म्हणाला, पण त्याच्या मनात ते बसलं. फोनवर ती छान बोलायची, हसायची. पत्राचा विषय निघाला की मात्र, "अरे, वेळच मिळत नाही," एवढंच. मग त्यानंही विषय काढायचं सोडलं. कपाटातली उरलेली चळत त्यानं आणखी दोन शर्टांखाली सरकवली.

मग बस्ता बांधायचा दिवस आला. दोन्हीकडची माणसं पनवेलच्या बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात गाद्यांवर बसली होती. साड्यांचे ढीग, चहाचे कप, भामाआजी भिंतीला टेकून मधोमध. तेवढ्यात कोमलला शाळेतून फोन आला. प्रश्नपत्रिकेत काहीतरी चुकलं होतं आणि छापायला द्यायची घाई होती. "थांबा थांबा, लिहून घेते," म्हणत तिनं शेजारी बसलेल्या हितेशच्या खिशातलं पेन काढलं, समोरच्या साडीच्या खोक्याचं झाकण ओढलं आणि झरझर आकडे लिहायला लागली.

डाव्या हातानं.

हितेश बघतच राहिला. काय वेग होता! सुंदर, तिरपं, वळणदार अक्षर एकामागून एक येत होतं, आणि पाठोपाठ तिचा तळहात त्यावरून सरकत होता. गुळगुळीत झाकणावर ओली शाई फासली जात होती. फोन संपला तेव्हा झाकणावर अर्धे आकडे आणि अर्धा निळा डाग होता, आणि कोमलच्या करंगळीपासून मनगटापर्यंतची कड निळी झाली होती. तिनं वर पाहिलं. समोर तिची आई मनिषाताई डोळ्यांनी दटावत होती. भिंतीजवळून भामाआजी टक लावून बघत होती. कोमलनं पेनाचं टोपण लावलं, हात ओढणीत घेतला आणि "जरा पाणी पिऊन येते," म्हणून बाहेर गेली.

हितेश मागोमाग गेला. ती दुकानाच्या पायरीवर रुमालानं हात घासत होती.

"तू डावखुरी आहेस?"

"हो. आता सगळ्यांनी पाहिलंच." तिनं रुमाल मुठीत दाबला. "तुमचं स्थळ आलं तेव्हाच आई म्हणाली, चहाचा ट्रे उजव्या हातानं पुढे कर, जेवताना सांभाळ, लग्न होईपर्यंत काही बोलू नकोस. आधीच्या एका स्थळाला यावरूनच नाही म्हणाले होते. तेही पोह्यांच्या बश्या उचलायच्या आत."

"मग ती पत्रं..."

"उजव्या हातानं लिहिली. चार ओळींना तास लागायचा. जीभ बाहेर काढून लिहायचे." ती हसली, पण लगेच पुन्हा हात घासायला लागली. "पहिल्यांदा डाव्यानंच लिहिलं होतं रे. तीन पानं. म्हटलं, अक्षरावरून थोडंच कळणार आहे. पण तुझ्या त्या कागदावर शाई वाळतच नाही. माझा हात लिहिलेल्यावरून जातो ना, सगळं पुसत जातं. पहिल्या ओळीतल्या तुझ्या नावाचा नुसता ढग झाला. कुठल्या तोंडानं पाठवणार? एवढं प्रेमानं दिलेलं, त्याला नाव तरी कसं ठेवायचं?"

हितेशनं तिच्या निळ्या हाताकडे बघत मान खाली घातली. खरं तर त्याला खूप काही वाटत होतं. चारच ओळी आल्या म्हणून आपण रुसलो आणि त्या ओळींसाठी ही तासभर बसत होती, याची लाज वाटत होती. आणि त्याच वेळी डोक्याचा दुसरा कोपरा भलताच विचार करत होता. शाई वर बसली की वाळायला वेळ, आत शिरली की फुटणार. या दोन्हींच्या मधला कागद कुठे मिळेल?

कोमलला त्याची नुसती खाली घातलेली मान दिसली. "बघ, तुलाही आवडलं नाही ना," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

घरी परतताना गाडीत भामाआजीनं विचारलं, "पोर डावरी हाय काय?"

पुढे बसलेल्या आईनं मागे वळून पाहिलं. हितेशनं स्टिअरिंग घट्ट धरलं. "हो, आजी. आणि ती तशीच राहणार. मला काही अडचण नाही."

"मी कुटं बोलली अरचन हाय?" आजी चिडली. "माजी मोठी भयीन डावरी व्हती. भात लावाय उतरली का तिची रांग उलट्या अंगानं यायची. सगल्या बाया वैतागायच्या. पन तिच्यावानी हात कुनाचा चालत नव्हता. कोमलचा पन चालतो. मी बगलं ना." थोडं थांबून ती म्हणाली, "लपवलं कशाला पन? आमी काय वाघ हाव?"

रविवारी सकाळी हितेश टपाल नाक्याजवळच्या झकेरियाचाचांच्या दुकानात जाऊन बसला. वह्या, फायली, स्टॅम्पपॅड असलं सगळं विकणारं जुनं दुकान. चाचा त्याला शाळेपासून ओळखत होते. दुकानातला प्रत्येक कागद एकेक पान काढून दे, असं त्यानं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी सगळ्यात चकचकीत, जाड, सोनेरी कडेचा कागद पुढे केला. "होणाऱ्या दुल्हनसाठी ना? मग हाच. शानदार."

"शानदार नको, चाचा. वाळणारा हवाय."

हितेशनं पेन डाव्या हातात धरलं आणि लिहायला लागला. तिचा हात कसा जातो ते आपल्याला कळलंच पाहिजे, असं त्यानं रात्रीच ठरवलं होतं. स्वतःचं नाव लिहायला त्याला घाम फुटला. 'ह'ची शेपटी भलतीकडेच गेली. मधल्या 'त'ला मात्रा द्यायची राहूनच गेली. पण मुद्दा अक्षराचा नव्हता. लिहायचं, त्यावरून तळहात ओढायचा, बघायचं. फुलस्केपवर शाई फुटली. झेरॉक्सच्या कागदावर मागे उमटली. सोनेरी कडेच्या कागदावर तर पार रांगोळी विस्कटल्यासारखं झालं. कोपरापर्यंत हात निळा झाला. गिऱ्हाइकं येत होती, बघून जात होती.

"बेटा, बरा आहेस ना?" चाचांनी शेवटी विचारलं. "उजव्या हाताला काही झालंय का?"

"होणारी बायको डावखुरी आहे."

चाचांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्या वेड्यावाकड्या पानांकडे, आणि मोठ्यानं हसले. "या अल्ला! आणि शिकतोयस तू?" त्यांनी आत हाक मारून अस्माचाचींना हे बघायला बोलावलं. चाचींनी बघितलं, हसल्या आणि त्याच्यासाठी चहा आणि हात पुसायला ओलं फडकं घेऊन आल्या.

आता काही उरलं नाही असं वाटत असताना हितेशची नजर वरच्या फळीवरच्या एका खाकी गठ्ठ्याकडे गेली. तो टंकलेखनाचा पातळ कागद होता. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांसाठी आणलेला आणि टाईपरायटर गेल्यावर पडून राहिलेला. कडा पिवळट, पण आतली पानं स्वच्छ. उजेडाकडे धरली तर बोटं दिसत होती. हलवली तर सळसळली. हाताला त्याच्या आवडत्या कागदाइतकी गुळगुळीत नव्हती, किंचित खरखर होती. त्यानं लिहिलं, मनात दोन-तीन आकडे मोजले आणि तळहात ओढला.

काही झालं नाही. अक्षरं होती तिथे होती. पान उलटं केलं, मागेही स्वच्छ.

"चाचा, सगळा गठ्ठा द्या."

"धूळ तरी झटकू दे, अरे!"

त्याच संध्याकाळी खारघरला, कोमलच्या घराजवळच्या एका छोट्या हॉटेलात त्यानं तो गठ्ठा टेबलावर ठेवला. ती अजून जरा फुरंगटलेलीच होती. त्यानं सांगायला सुरुवात केली, पण आधी तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. "हे काय?"

मग त्यानं डाव्या हातानं लिहिलेली सगळी पानं काढून दाखवली. 'हितेश घरत'च्या जागी 'हिताश', 'हितश', एक तर नुसतं 'हिश'. कोमल आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. आजूबाजूच्या टेबलावरचे लोक बघायला लागले, म्हणून तिनं घाईघाईनं त्याचं पेन घेतलं आणि एक कोरं पान पुढे ओढलं.

ती लिहायला लागली. हितेश पहिल्यांदाच तिला नीट लिहिताना बघत होता. मान किंचित कलती, पान तिनं उलट्या बाजूला तिरपं केलेलं, हात अक्षरांवरून न घाबरता चाललेला. डोसे आले, थंड झाले. पानाच्या शेवटी थांबून तिनं हात उलटा करून दाखवला. कडेला एक पुसटशी निळी रेघ होती, बाकी काही नाही.

"वाच ना," तो म्हणाला.

"छे. पोस्टानं येईल." आणि तिनं ते पान पर्समध्ये टाकलं.

आलं ते पत्र जाडजूड होतं. त्यात शाळा होती, वर्गातला एक मुलगा भागाकाराला का घाबरतो ते होतं, आई-बाबांचं भांडण होतं, लहानपणी सगळ्यांसमोर डाव्या हातानं प्रसाद घेतला म्हणून कसं ऐकून घ्यावं लागलं ते होतं. आणि शेवटी: 'तुझी दोन्ही पत्रं मी परत वाचली. त्यात कागद आहे, शाई आहे, निब आहे. तू कुठे आहेस? मला तुझ्याशी लग्न करायचंय, कागदाशी नाही. तुला कशाची भीती वाटते, यार्डात दिवसभर काय करतोस, गावचं घर गेलं तेव्हा रडलास का, हे लिही.'

हितेशनं ते ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. पुन्हा वाचलं. मग कुठूनसा प्रिंटरचा एक वापरलेला कागद ओढून, पाठकोऱ्या बाजूवर तो लिहायला बसला. गावचं घर पाडलं त्या दिवशी तो कॉलेजातून परतला होता, बाबा ढिगाऱ्यातून देव्हारा शोधत होते आणि आजी शेजाऱ्यांच्या ओट्यावर पाठ करून बसली होती. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. शाई फुटत होती, मागच्या छापील आकड्यांत मिसळत होती. त्याच्या लक्षातही आलं नाही. सुट्टी संपली तरी तो लिहीत राहिला, आणि सुटल्यावर घरी न जाता आधी पनवेलच्या पोस्टात जाऊन ते टाकून आला.

काही दिवसांनी कोमलचा फोन आला.

"मिळालं?" त्यानं विचारलं.

"मिळालं." तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. "कागद घाण आहे. पत्र फार छान आहे."