पळीभर तीर्थ

आमच्या गौरीला मी पाच महिने पाण्यावरून घालून पाडून बोलत आले, हे आधीच सांगून टाकते. सून माझी, पुण्याची. माझ्या सुहासला तिनं स्वतःचं एक मूत्रपिंड काढून दिलं. माझं जुळलं नाही, तिचं जुळलं. एवढं करणाऱ्या पोरीला बोलायला माझी जीभ कशी धजली, देव जाणे!

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं. नवं मूत्रपिंड टिकवायच्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते, साधा जंतूही महागात पडेल, तेव्हा न उकळलेल्या पाण्याचा थेंबही नको. आमच्या जे. पी. नगरच्या बिल्डिंगला दिवसाआड कावेरीचं पाणी येतं, एरवी टँकर, आणि सगळं पडतं जमिनीखालच्या एकाच टाकीत, सम्पमध्ये. गौरी मशीनमधून गाळलेलं पाणीसुद्धा पुन्हा खळखळून उकळायची, झाकून निववायची आणि तोटीच्या स्टीलच्या पिंपात भरून ठेवायची. सुहास दातही त्याच पाण्यानं घासायचा.

तरी त्याला जुलाब लागले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दर खेपेला क्रिएटिनिन वर. ते वर गेलं की मूत्रपिंड बिघडत चाललंय, एवढं मलाही आता कळतं. तिसऱ्यांदा हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा डॉक्टर स्पष्टच म्हणाले, असंच चाललं तर हे मूत्रपिंड हातचं जाईल.

आणि मी? उचलली जीभ, लावली टाळ्याला! "नीट उकळी येऊ देतेस का गं? का मीटिंग सुरू झाली की गॅस बंद?" "पिंप घासलंस का?" ती नुसतं "हो आई" म्हणायची. उलटून बोलत नाही म्हणजे इथंच कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटायचं.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. पाण्यातून पोटात जाणारा कसलासा परजीवी निघाला. डॉक्टर कॉटपाशी उभे राहून कन्नडमध्ये एकेक विचारायला लागले. बर्फ? उसाचा रस? बाहेरची चटणी? न उकळलेलं काहीही, आठवून सांगा.

"नाही," सुहास म्हणाला. गौरीही "नाही" म्हणाली. मी शेजारी बसून तीर्थाच्या छोट्या बाटलीचं बूच उघडत होते. घरची पूजा आटोपून रोज आणायचे मी.

माझा हात तिथंच थांबला. अगं बाई! हे कुठलं पाणी?

रोज सकाळी आंघोळ करून मी नळाचं ताजं पाणी देवासाठी घेते. उकळलेलं देवाला कसं चालेल? कलशाची पूजा करताना आपण नद्यांची नावं घेतो, त्यातली कावेरी तर आमच्या नळाला येते, याचा केवढा अभिमान मला! त्या पाण्यानं देवांना स्नान घालायचं आणि मग पळीभर तीर्थ सुहासच्या तळहातावर. माझ्या लेकाला बरं कर, म्हणून. एक दिवस चुकवला नाही. गौरी समोर असायची, पण तिच्याही डोक्यात आलं नाही. तीर्थाला कुणी पाणी म्हणतं का?

गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. बाटली बेसिनमध्ये ओतायची आणि उद्यापासून तीर्थ बंद. आलं हो माझ्या मनात, खोटं कशाला बोलू? पण समोर गौरी उभी होती, खाली मान घालून, चोरी पकडल्यासारखी.

"मी देते," मी म्हटलं. "तीर्थ. नळाच्या पाण्याचं, रोज."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं.

"स्वल्पच असतं हो, पळीभर," मी म्हटलं.

"अम्मा, त्याला तेवढं पुरतं," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

औषध बदललं. आठवड्यात जुलाब थांबले, क्रिएटिनिन उतरलं, पण पूर्वीच्या जागी आलं नाही. आता येणारही नाही, म्हणाले. मूत्रपिंड वाचलं, पण जेवढं दिलं होतं तेवढं राहिलं नाही.

आठवडाभर गौरी माझ्याशी कामापुरतं बोलली. घरी सोडायच्या दिवशी सुहास आत कपडे बदलत होता आणि आम्ही दोघी बाहेर बाकाशी उभ्या होतो. मी म्हटलं, "चुकले गं मी, गौरी. काय वाटेल ते बोल मला."

तिनं हातातली औषधांची पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाली, "आई, तुम्ही रोज विचारायचात ना, उकळी नीट आली का? मला ते खरंच वाटायला लागलं होतं. ऑफिसातून धावत घरी यायचे, पिंपातलं पाणी ओतून टाकायचे आणि घड्याळ लावून पुन्हा उकळायचे. तरी तो आजारी पडायचाच. मला वाटायचं, मीच दिलं आणि मीच घालवतेय."

बोलता बोलता तिचा हात कुशीवर गेला, टाक्यांचा व्रण आहे तिथं.

सासूनं सुनेच्या पाया पडायची रीत नाही आमच्यात. मी तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, खाली वाकले आणि तिच्या पायांना हात लावला. तिनं मला अडवलं नाही.